जागच्या जागी सायकल

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबरेत उसण भरल्यामुळे सध्या मनातल्या मनात घातला आहे). तू आणि भावोजी खुशाल असाल. भावोजींचा खोकला गेला असेल तर कळव. गेला नसेल तर तेही कळव, सल्ले द्यायला आम्ही बसलोच आहोत.

मागे फोनवर तू विचारलंस, बाबांसाठी व्यायामाचं यंत्र घेतलं का, आणि मी "हो हो, मजेत!" म्हणून फोन ठेवून दिला, तो रागाने नव्हे. माझ्या एका हातात पाना होता आणि दुसरा पेडलमध्ये अडकला होता. आता सविस्तर लिहितो.

गुडघ्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले, तरी बाबा पलंग, खुर्ची आणि न्हाणीघर यापलीकडे गेले नव्हते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गुडघा आत्ता वाकवला नाही तर कायमचा आखडेल. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "आता कुठे जायचंय मला?" आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जन्मभर कारखान्यात फिटर म्हणून यंत्रांखाली सरपटलेला माणूस असं बोलला गं. दुसऱ्या दिवशी शिवणकामाचं दुकान बंद ठेवलं (ज्या नवरदेवाचा कोट त्या दिवशी द्यायचा होता, त्याला अजून तोंड दाखवलेलं नाही) आणि तुझ्या भावजयीला घेऊन व्यायामाच्या सामानाचं दुकान गाठलं.

पहिली ट्रेडमिल. विक्रेता म्हणाला, काका, चढून तर बघा. मी चढलो, बटण दाबलं, पट्टा पळायला लागला आणि त्याच्यामागे मी. थांबायचं बटण लाल असतं हे मला माहीत होतं, पण ते शोधायचा चष्मा तोवर पट्ट्यावरून मागच्या मागे निघून गेला होता. तुझ्या भावजयीने धावत जाऊन वायर उपटली. पट्टा जागच्या जागी थांबला, मी मात्र थांबलो नाही. जिथे पोचलो तिथे लोखंडी वजनं मांडून ठेवली होती. (उसण ती हीच.) मग बसून वल्ही मारायचं एक यंत्र बघितलं. टेप माझ्या गळ्यात असतोच, मापं घेतली, तर असं निघालं की ते पूर्ण ताणलं की बाबांचे पाय त्यांच्या खोलीत राहणार आणि पाठ स्वयंपाकघरात. शेवटी जागच्या जागी चालवायची सायकल पसंत पडली. बाबांच्या पॅन्टचं माप मला तोंडपाठ, त्यावरून सीटची उंचीही तिथेच बघून घेतली.

सायकल घरी आली ती खोक्यातून, सुट्ट्या तुकड्यांत. दोन दिवस खपून जोडली, तेव्हा तीन बोल्ट उरले. कंपनीने प्रेमाने जास्तीचे दिले असतील असं मी म्हटलं. पेडल मारलं, तर चाक तसंच आणि हँडल गोल फिरलं. खुर्चीतून आवाज आला, "वॉशर कुठंय?"

"कसला वॉशर?" मी म्हटलं.

"सर बाजूला, गाढवा."

आणि ताई, बाबा उठले. काठी न घेता उठले, चार पावलं टाकली आणि सरळ जमिनीवर बसले. बाई महिनाभर विनवत होत्या तितका गुडघा वाकवून बसले! मी तोंड उघडणार, इतक्यात तुझ्या भावजयीने मला असा चिमटा काढला की वळ अजून आहे. त्यानंतर आठ दिवस घरात फक्त पान्यांचा खणखणाट. सायकल उघडायची, तेल घालायचं, जोडायची, पुन्हा उघडायची. हत्यारांच्या पेटीपर्यंत दिवसातून पन्नास फेऱ्या. पण सायकलवर काही बसत नाहीत. म्हणतात, "मी यंत्रं दुरुस्त केली, चालवायला दुसरी माणसं होती."

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भाऊ

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. सायकल आता इतकी निर्दोष झाली आहे की उघडायला निमित्त उरलं नाही. आज सकाळी माझ्या शिलाई मशीनची चाकं ताटात काढून ठेवलेली दिसली. तुमच्याकडे काही मोडकं असेल, पंखा, मिक्सर, काहीही, तर ताबडतोब पाठव. मोडकं नसेल तर भावोजींना दुरुस्त करायला सांग, म्हणजे होईल.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आहे म्हणून लिहितो. हा दुकानात गेला की मी रोज वीस मिनिटं सायकल चालवतो. समोर उभं राहून कोणी बघत बसलं की माझे पाय जड होतात. सूनबाईला ठाऊक आहे, ती दार लोटून घेते. याला कळवू नकोस, यंत्र निवडल्याचा तोरा मिरवत फिरेल. मोडकं काही पाठवू नकोस, पुढच्या महिन्यात मीच येतो. तुझ्या घराच्या पायऱ्या किती आहेत तेवढं कळव, तितक्या इथे चढून बघतो. — बाबा