मोराची मान

सांगली, मंगळवार, ११ नोव्हेंबर १९९७

खोटं बोललो आज. तेही एका आंधळ्या बाईशी.

तासगावच्या बँडचे मास्तर सदाशिवराव महिन्यापूर्वी जुन्या कोटावरचा कशिद्याचा बिल्ला देऊन गेले होते. डोळे होते तेव्हा त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी भरलेला मोर. नव्या गणवेशांवर तोच छापायचा होता. स्कॅन केला तर नुसते धागेच दिसत, म्हणून कॉम्प्युटरवर माउसनं बिंदूला बिंदू जोडत हातानं काढायला बसलो. मोराची मान काही जमेना. कापड आवळलेलं, तिचा बाक कळेना. सपाट व्हावं म्हणून मानेचे दोन टाके ब्लेडनं उसवले. धागे जीर्ण, सगळा मोरच सुटत गेला. आधी विचारायला हवं होतं. का नाही विचारलं?

आज दोघं आले. प्रिंट बघून मास्तर खूश. शांताबाईंनी कागदावरून बोट फिरवलं.

"ह्यात मान कुठं हाय?"

मी त्यांचं बोट मानेवर नेऊन ठेवलं.

"गुळगुळीतच लागतंय. माझा जुना दे की, बाळा."

"तो छापखान्यात आहे," मी म्हणालो.

टेबलावरच्या ताटलीतले सुटे निळे धागे मास्तरांनी पाहिले होते. ते बाईंना रिक्षात बसवून एकटेच परत आले. मी हात जोडले.

"तिला कळलंय," ते म्हणाले. "तुमचा आवाज कापला न्हवं. रिक्षात बसताना म्हणाली, त्या पोराला काय बोलू नगासा."