नाक्यावरचा पैलवान

नगर रस्ता, पुणे
२० ऑक्टोबर २००४

चि. सौ. हेमा हिस तुझ्या जुन्या सासूचे आशीर्वाद.

‘सौ.’ लिहिताना हात थबकला, खोटं कशाला बोलू! पण तुझा संसार पुन्हा उभा राहिला, बरंच झालं. तुझ्या मालकांना नमस्कार सांग.

इकडं सगळं ठीक हाय. समोर काचेची कंपनी झाली, पोरंपोरी गळ्यात पट्टे घालून नाक्यावर चहाला येतात. तुझ्या मामंजींचे गुडघे धरलेत, तोंड मात्र चालू हाय.

दिवाळीत मुक्ताईला आणून तिचा बाप दाखवायचा म्हणतेस. त्याचंच उत्तर टाळत बसलेय बघ.

रस्ता रुंद होतोय. वेशीजवळचं सगळं जाणार व्हतं, पैलवानसुद्धा. माझा दशरथ ट्रकखाली गेला त्या जागी मामंजींनी आपल्या हातानं उभा केलेला त्याचा पुतळा. खांद्यावर जत्रेत जिंकलेली गदा, तोंड हुबेहूब त्याचं. गाडीवाले थांबून फोटो काढायचे. त्यांना काय ठाऊक, कुणाचं पोर हाय!

पाडायला मशीन आलं त्या सकाळी सोनबा पाटील धावत आले. म्हणाले, “वहिनी, शेंदूर फासू. गदा हायच, मारुती झाला की कोण हात लावतोय?” मामंजी माझ्याकडं बघत राहिले. मीच म्हटलं, फासा.

मशीन माघारी गेलं. आता शनिवारी रांग लागते, कंपनीतली पोरंसुद्धा बूट काढून तेल घालतात. थरावर थर चढतोय. आधी ओठ गेले, मग नाक. मामंजी तिकडं फिरकत न्हाईत.

मी रोज पदरानं त्याचं तोंड पुसायची. परवा गेले तर नवा पुजारी खेकसला, “अहो मावशी, लांब व्हा. मारुतीला बायका शिवत नाहीत.” जीव नुसता तडफडला माझा. खरं सांगावं तर देव राहत न्हाई, आणि देव राहिला न्हाई तर मशीन पुन्हा येतंय. पदर आवरून माघारी आले.

तू ये, पोरीला घेऊन ये. पण रांगेत लांबूनच हात जोडायला लाव तिला. बाप हाय म्हणून सांगू नको गं. पळत जाऊन मिठी मारंल, आणि तिला मागं ओढायला मलाच लागंल.

दशरथाची आई,
सोजरबाई