वीज गेली तरी बंद

११ ऑक्टोबर

आज सुरतेत, कतारगामच्या कारखान्यात रुजू झालो. हवा छान, मन प्रसन्न. चार मजले, प्रत्येकावर हिरे घासायच्या घंट्यांची घरघर, जिन्यात कढीच्या फोडणीचा वास. बावचंदशेठनी शेजारी बसवून चहा पाजला. धाकटा भाऊ विनू इथे तिसऱ्या मजल्यावर हिऱ्यांना पैलू पाडतो. माझं नाव त्यानेच सुचवलं. सगळ्यांदेखत म्हणाला, आमचे मोटाभाई कुलपांशी तासन्‌तास बोलतात, वहिनीशी मात्र खुणांनी. पोरं हसली. मीही हसलो.

मी कॉलेजची पायरी चढलो नाही. भंगारातली कुलपं वर्तमानपत्रावर पसरून शिकलो. इथल्या दारांना चुंबकी कुलपं आहेत. वीज असेपर्यंत धरतात, वीज गेली की सोडतात. हिऱ्यांच्या कारखान्यात! चोराने खाली मेन पाडला की सगळे मजले मोकळे. हे ज्याने बसवलं त्याला मी हातोडी धरायलासुद्धा ठेवला नसता.

१६ ऑक्टोबर

विजेचे स्ट्राइक बसवायचं ठरलं. दारातलं कुलूप तसंच राहतं, बदलतो तो चौकटीतला भाग. लॅचची जीभ जिथे अडकते तिथे पोलादी जबडा येतो. कार्ड दाखवलं की जबडा सैल पडतो, दार ढकललं की उघडतं. स्ट्राइकच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो एका बाजूला फिरवला तर वीज गेल्यावर दार उघडं, दुसऱ्या बाजूला फिरवला तर वीज गेली तरी बंद. मी सगळे स्क्रू ‘बंद’वर फिरवून लाल रंगाने सील केले.

काही स्ट्राइक उघडताना गुरगुरतात. मी बॅटरीच्या विजेवर चालणारे घेतले, एकदाच ‘टक्’ करून गप्प होणारे. शेठ म्हणाले, आवाज असलेला बरा ना? म्हटलं, शेठ, दार आहे हे, दाढीचं यंत्र नाही.

आतून हँडल फिरवलं की वीज असो-नसो दार उघडलंच पाहिजे, असा नियम आहे. शेठ म्हणाले, मग हिरा गालात धरून माणूस आरामात घरी जाईल, झडतीशिवाय कोणी बाहेर नको. मी आतली हँडलं काढून न फिरणाऱ्या मुठी बसवल्या. बॅटरी जोडलेली आहे, मेन गेला तरी कार्ड चालेल. अडकणार कोण?

२९ ऑक्टोबर

तिसऱ्या मजल्याची चौकट तिरकी निघाली. दोन दिवस कानस चालवली. दार आणि जबडा यांच्यात बारीक फट लागते. ती नसेल तर दाराचा दाब जबड्यावर राहतो आणि वीज मिळूनही तो सुटत नाही. शिकलेल्या लोकांची कामं इथेच फसतात. माझं फसलं नाही.

स्वयंपाकवाल्या मणिबा प्रत्येक दारावर हात फिरवत होत्या. काळी चौदसला, दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी, ही दारं सोडतील ना, विचारलं. दरवर्षी त्या संध्याकाळी वड्यांचं ताट घेऊन त्या तिसऱ्या मजल्यापासून खाली चौकापर्यंत जातात. वर्षभराचा ककळाट, भांडणं, शिव्या, मनातले डूख, सगळं त्यांच्यामागून जातं. चौकात वडे ठेवायचे, भोवती पाणी फिरवायचं, मागे न बघता परत यायचं. तेवढा वेळ कारखान्याचा मेन बंद, म्हणजे चुंबक सुटून दारं आपोआप सताड उघडी.

म्हटलं, बा, कार्ड देतो, तुम्ही आरामात जा. त्या म्हणाल्या, दीकरा, मी जाईन रे. पण माझ्यामागून येणाऱ्याकडे कुठलं कार्ड?

विनूनेही गळ घातली. एका संध्याकाळीपुरते स्क्रू फिरव, मोटाभाई, तुझं काय जातं? वड्यांसाठी मी सील तोडणार नाही, असं स्पष्ट सांगितलं.

११ नोव्हेंबर, काळी चौदस

परदेशची घाईची ऑर्डर आली म्हणून तिसऱ्या मजल्याची सुट्टी कापली. बाकीचे सौराष्ट्रात गावी गेले. वरची माणसं धुमसत आहेत.

तिन्हीसांजेला मेन पाडला. मणिबा ताट घेऊन निघाल्या, कार्ड दाखवलं, टक्, बाहेर. दार मिटू नये म्हणून विनूने फटीत पाय घातला होता. मी तो काढायला लावला. दार मागच्या मागे मिटलं. मी हाताने रेटून पाहिलं. अंधारात एकही दार तसूभर हललं नाही. असं काम सुरतेत दुसरं कोणी करून दाखवावं.

मणिबा चौकातून परतल्या त्या पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, यंदा ताट हलकं लागलं. मागून कोणी आलंच नाही.

तेव्हाच तिसऱ्या मजल्याचा स्ट्राइक गुरगुरला. माझे स्ट्राइक गुरगुरत नाहीत. वायर तपासली. ठीक आहे.

१२ नोव्हेंबर, दिवाळी

तिसऱ्या मजल्यावरचा जबडा बाहेरच्या बाजूला वाकलाय. म्हणजे आतून कोणीतरी रेटलंय. त्यावर म्हैस आदळली तरी वाकणार नाही, असा तो आहे. ठोकून सरळ केला.

दुपारी जेंती आणि पोपट भांडले. एका घंटीवर बसणारे, एका डब्यात जेवणारे. कारण काय, तर लोणच्याची फोड. जेंतीने पोपटचा पंजा फिरत्या चाकीवर दाबून धरला. ती चाकी हिरा घासते. बोटांवरचं मांस जायला वेळ लागला नाही. पांढरं हाड दिसेपर्यंत जेंती शांतपणे दाबत होता, पैलू पाडताना दाबतात तसा. बाकीचे मान खाली घालून काम करत राहिले. एकटा विनू उठला, त्याने जेंतीला ओढून काढलं.

शेठनी पोपटला गाडीतून दवाखान्यात पाठवून दिलं. पोलीस नकोत म्हणाले, ऑर्डर आहे.

१३ नोव्हेंबर

तरी पोलीस आले. दोघे. तिसऱ्या मजल्याच्या दाराशी पोचेपर्यंत हसत-बोलत होते. तिथे एकाने दुसऱ्याला काठीने मारायला सुरुवात केली. तोंडावर. तो पडल्यावरही. मग त्याचा पाय धरून त्याला खाली नेलं. डोकं प्रत्येक पायरीवर आपटत गेलं. आम्ही सगळे बघत होतो.

बोलला तो एकटा विनू. सगळ्यांदेखत, शेठसमोर, मला. मोटाभाई, तुझ्या त्या स्क्रूने हे आत कोंडलंय. तुझ्या कामापायी माणसं मरणार.

माझ्या कामापायी.

खाली आलो तेव्हा हातात कानस होती. कधी उचलली ते आठवत नाही.

१४ नोव्हेंबर, बेसतुं वरस

सकाळी शेठ पेढे घेऊन वर गेले. नव्या वर्षाचं सालमुबारक म्हणायला. समजूत काढायला. दार त्यांच्यामागे मिटलं.

मग आवाज. पेढ्यांचा डबा पडल्याचा. त्यानंतरचे लिहवत नाहीत.

कार्ड दाखवलं. उघडत नाही. आतून दाब आहे, जबडा सुटत नाही. दाराखालून रक्त येतंय. पायरीवरून खाली, पुढच्या पायरीवर.

विनू आत आहे.

त्याच दिवशी. दाराबाहेर

मणिबा आणि मी मिळून ठरवलं. खालची दारं पाचरी मारून उघडी ठेवली. उरलं हे एकच. शेजारच्या मिलचा भोंगा झाला की त्या मेन पाडतील, बॅटरीही सोडवतील. तोवर मी चौकटीचं झाकण कापून स्क्रू उलटा फिरवायचा. वीज गेली की दार उघडेल, ते बाहेर जाईल, विनू बाहेर येईल.

झाकण कापलं. माझ्या हाताने माझं सील खरवडलं. स्क्रू फिरवला.

विनूचा आवाज आला. दारापलीकडून, अगदी जवळून. म्हणाला, बाकी सगळे गप्प झालेत. तो दाराला पाठ टेकून बसलाय. मी सांगितलं, बाजूला हो, दाब काढ. सरकला असावा. जबड्यावरचा दाब गेला.

मग हळूच म्हणाला, दार उघडलं की पळ, मोटाभाई. माझ्या हातात काहीतरी आलंय, ते सुटत नाहीये. मला माझा भरवसा नाही. मागे न बघता पळ.

लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हा असाच बोलत होता. हळू, दमून —

पळणार आहे. भोंगा झाला की पळणार.

मी का पळू?

सगळ्यांदेखत म्हणाला. शेठसमोर. तुझ्या कामापायी. माझी फट बरोबर होती. माझी चौकट ओळंब्यात होती. एकही दार हललं नव्हतं, एकही —

भोंगा.

दिवे गेले.

टक्.

काय सुरेख वाजलं. गुरगुर नाही, काही नाही. एकदाच.

दार उघडतंय. स्क्रूड्रायव्हर उजव्या हातात आहे, डाव्याने लिहितोय. ये विनू. आधी तो शब्द मागे घे, मग बघू तुला कोण —