उजव्या पंखाची तार आणि माझी इतर मालमत्ता

मालमत्तेकडे वळण्याआधी घटना क्रमाने नोंदवते.

१. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सव्वाआठला आमचे मोठे पिवळे मॉडेल विमान मैदानावरून उडाले. पंखांची लांबी दोन मीटर ऐंशी, पेट्रोलचे इंजिन. जमिनीवरून विमान चालवायचा ट्रान्समीटर वहिनींच्या हातात होता.
२. चाळीस सेकंदांनी उजव्या पंखाची हलती फळी थरथरली, मग एका टोकाला जाऊन अडकली.
३. विमान उजवीकडे कलंडले आणि कुंपणापलीकडच्या नांगरलेल्या जमिनीत पडले. कोणाला इजा झाली नाही.
४. दादा वहिनींना म्हणाला, "अगं, हात घाबरला तुझा." वहिनींनी ट्रान्समीटर त्याच्या हातात दिला.
५. मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.
६. त्या दिवसापासून वहिनींनी ट्रान्समीटरला हात लावलेला नाही.
७. त्यांचा हात घाबरला नव्हता. दोष तारेत होता, आणि तो मला उड्डाणाआधी माहीत होता.

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, व्यवसायाने विद्युत मापन यंत्रांची तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे आणि हे कोणी लिहायला सांगितलेले नाही. चोवीस मार्चला माझ्या मानेतली गाठ काढायची आहे. सर्जननी धोका शंभरात दोन सांगितला. कामावर शंभरात दोनची चूक मी कधी सोडून दिलेली नाही, म्हणून ही तयारी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. बँकेतली ठेव आणि विमा आईला. तिने त्यातून दादाला काही देऊ नये, अशी अट मी मसुद्यात घातली होती. ती काढली आहे.

कलम २. घर दादाचे आहे. मागची खोली अकरा वर्षे माझी म्हटली जाते, पण कागदावर नाही, त्यामुळे ती मी कोणाला देऊ शकत नाही. खोलीतले लांब टेबल मी केले आहे. ते खोलीतच राहावे. त्यावर कपड्यांना इस्त्री करू नये.

कलम ३. विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप मी जिथे शिकले त्या तंत्रविद्यालयाला. सोल्डरिंगची, म्हणजे कथलाने तारा जोडायची, सगळी हत्यारेही तिथेच. ती दादाला मिळू नयेत. तो सोल्डरिंगची तापलेली दांडी टेबलावर तशीच ठेवतो.

कलम ४. व्होल्टमीटर आमच्या मैदानावरच्या विमान-मंडळाच्या खजिनदारांना. आम्ही त्यांना 'हवामान खाते' म्हणतो, कारण कोणतेही विमान पडले की ते वारा होता असे सांगतात. सहा वर्षांपूर्वी त्यांच्याच विमानाचे सर्व्हो, म्हणजे पंखाच्या आणि शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटारी, हवेत मधूनच मलूल व्हायच्या. "वारा," ते म्हणाले. मी सगळे सर्व्हो एकदम हलवून बॅटरीचा विद्युतदाब मोजून दाखवला. स्विचची तार बारीक होती, सहा मोटारी एकदम वीज ओढायला लागल्या की दाब कोसळायचा आणि विमानातला सिग्नल पकडणारा रिसीव्हर क्षणभर झोपायचा. मी तार बदलली. खजिनदार सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो. दादाने छान तयार केली."

दादाने मला यातले काही शिकवलेले नाही. दादा त्या वेळी शेजारी उभा होता आणि हसला. व्होल्टमीटर खजिनदारांना द्यावा, दादाने ऐकलेले वाक्य दादाने लक्षात ठेवावे.

कलम ५. ट्रान्समीटर. जुना आहे, लांब अँटेनाचा. माझ्या पहिल्या पगारातून घेतला, पावती माझ्या नावावर आहे. विमान उडवायचा दादा. माझा हात जड आहे, मी दोन वर्षे शिकले आणि तीन विमाने जमिनीत घातली. त्यामुळे आमची वाटणी झाली: हवेत तो, तारांमध्ये मी. काही बिघडले की तो मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचा, "डॉक्टरीणबाई, पेशंट आलाय." मला ते पुरत होते.

वहिनी चार वर्षांपूर्वी घरात आल्या आणि सहा आठवड्यांत उडवायला शिकल्या. त्यांचे विमान जमिनीला टेकते तेव्हा आवाज होत नाही. पहिल्यांदा ते पाहून दादा म्हणाला, "अशी लँडिंग मला इतक्या वर्षांत जमली नाही." मी त्या दिवशी इंजिनाचा प्लग दोनदा साफ केला. तो स्वच्छच होता.

आता दोष. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारी एक तार असते. ती दर ठिणगीला आपल्याभोवती रेडिओचा गोंगाट सोडते. शेजारून सर्व्होची लांब तार गेली तर तो गोंगाट तिच्यात उतरतो, आणि विमान दूर जाऊन खरा सिग्नल क्षीण झाला की सर्व्हो गोंगाटालाच हुकूम समजतो. म्हणून मी ठिणगीची तार डाव्या भिंतीने नेली होती आणि उजव्या पंखाची तार उजव्या भिंतीने. दिसायला ते वाईट दिसायचे.

त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी दादाने विमानाचे झाकण उघडून मला बोलावले. सगळ्या तारा एकत्र करून प्लास्टिकच्या केबल टायने एकसारख्या बांधलेल्या होत्या.

"बघ, वहिनीने काय सुंदर बांधलंय. तुझं म्हणजे कायम न विंचरलेलं डोकं."

"वन्सं, रागवू नका हं," वहिनी म्हणाल्या. "मला गुंता बघवत नाही. माहेरी सगळ्यांच्या वेण्या मीच घालायचे."

"अकरा वर्षांत जमलं नाही हिला," दादा म्हणाला.

मी म्हणाले, "छान दिसतंय."

अंतर ठेवायचे असते हे वहिनींना माहीत असण्याचे कारण नव्हते. दादाला मी तीनदा सांगितले आहे, पण तो ऐकताना आकाशाकडे बघत असतो. कात्री माझ्या खिशात होती.

उड्डाणाआधी आमची एक पद्धत आहे. एकाने विमान धरायचे. दुसऱ्याने ट्रान्समीटरची अँटेना मिटवून, मोठ्याने मोजत, तीस पावले लांब जायचे आणि फळ्या हलवायच्या. मध्ये एकही फळी आपणहून हलली नाही तर धरणाऱ्याने हात वर करायचा. हे दोनदा करायचे: इंजिन बंद असताना आणि चालू असताना. पावले अकरा वर्षे मी मोजली आहेत. रविवारी दादा म्हणाला, "आज पावलं वहिनी मोजेल. तू धर."

वहिनी सतराला चुकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या. दादा कमरेवर हात ठेवून हसत होता. मी चुकले असते तर तो घड्याळ बघत उभा राहिला असता. इंजिन बंद असताना सगळे ठीक होते, मी हात वर केला. इंजिन सुरू केल्यावर दादाने विचारले, "झालं ना गं सगळं?"

मी म्हणाले, "झालं."

दुसरी चाचणी झाली नव्हती. झाली असती तर फळी तिथेच थरथरली असती. विमान पडावे असे मला वाटत नव्हते. ते हवेत थोडे लटपटावे, वहिनींनी घाबरून ट्रान्समीटर दादाकडे द्यावा आणि दादाने मला हाक मारावी, एवढेच वाटत होते.

बुधवारी दोघे घरी नसताना मी पडलेल्या विमानाच्या सांगाड्यातल्या तारा टेबलावर जोडून, ठिणगी सुरू करून पाहिल्या. टाय बांधलेला: सर्व्हो थरथरतो. टाय कापलेला: स्थिर. दहा वेळा केले, दहाही वेळा तेच.

गेल्या आठवड्यात जेवताना दादा पुन्हा म्हणाला, "होतं असं. सगळ्यांना जमतंच असं नाही." वहिनी अर्धे ताट घेऊन उठल्या. हे वाक्य दादाच्या तोंडून ऐकायची मी चार वर्षे वाट पाहिली होती. मी माझे जेवण संपवले.

मी हे तोंडी सांगितले नाही, कारण तोंडी सांगताना मी केबल टायपासून सुरुवात केली असती. टाय वहिनींनी बांधला हे खरेच आहे, आणि दादाने तिथेच ऐकणे थांबवले असते. लिहिताना क्रम बदलता येतो. म्हणून वर सातवी नोंद आधी आहे आणि टाय नंतर.

ट्रान्समीटर वहिनींना. माझ्या मरणाची वाट न पाहता, आजपासून. अट नाही. यावरून माझे मन साफ झाले असे कोणी समजू नये. त्या पुन्हा उडवतील आणि दादा त्यांच्याकडे बघत उभा राहील, हे मला अजूनही नको आहे. पण त्यांचा हात चांगला आहे, हे मोजून सिद्ध झालेले आहे, आणि मोजमाप मी लपवून ठेवले आहे.

कलम ६. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी वहिनींना नेमते. घरात वस्तू जिथल्या तिथे ठेवणाऱ्या त्या एकट्याच आहेत.

सही: मागच्या खोलीतली, दादाची धाकटी बहीण.

साक्षीदार पहिले: खालच्या दुकानातले चष्मेवाले काका. "इतक्या लवकर कशाला गं?" म्हणाले. मग, "मजकूर वाचायचा नसतो ना आम्ही?" मी नाही म्हणाले. "मग बरं," म्हणाले, आणि चष्मा काढून सही केली.

साक्षीदार दुसरी: कामावरची सहकारी. तिला वरील कलमांत काही मिळत नाही याची खात्री केली आहे.

ठिकाण: राहते घर. दिनांक: अकरा मार्च.

वहिनी, ही प्रत तुमच्यासाठी आहे. दादाला मी बावीस तारखेला सकाळी हे सगळे सांगणार आहे, याच क्रमाने. तुम्ही व्यवस्थापक व्हायला तयार आहात का, आणि मी सांगेन तेव्हा तुम्हाला समोर बसायचे आहे की नाही, हे कृपया वीस मार्चपर्यंत कळवा.