धुलाईखोलीतला देवदूत

१ ऑक्टोबर, मंगळवार
नवी वही. मायवोर बहिणीकडे आर्बोगाला गेली आहे. शनिवारीच गेली म्हणे. माझ्या लक्षात सोमवारी आलं, तेही कॉफी तयार नव्हती म्हणून. फोन केला. तिचं म्हणणं, एकतीस वर्षांच्या संसारात मला डोळ्यांसमोरचं काही म्हणजे काही दिसलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत दिसायला लागलं तर ती परत येणार, नाहीतर तिथेच फ्लॅट घेणार. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर ऑगस्टमध्येच तपासलाय. फोन कट झाला. रेंज गेली असणार.

२ ऑक्टोबर
मार्ग सापडला! रविवारी चर्चमध्ये उपदेशात पाळकबाई म्हणाल्या होत्या, देव रोजच्या साध्या कामांत हजर असतो, रोज एक तरी खूण टिपून ठेवा. मी रोज दहा टिपणार. ज्याला साक्षात परमेश्वर दिसतो, त्याला बायको दिसत नाही असं म्हणायची कोणाची छाती आहे? महिनाअखेरीला वही मायवोरपुढे ठेवायची. विषय संपला.

३ ऑक्टोबर, सकाळी ७
खुणा. एक : सिग्नल हिरवा मिळाला. दोन : टोस्ट करपला, पण एकाच बाजूने. तीन : शेजारच्या गुन्नेलबाईंचा कुत्रा आज माझ्यावर भुंकला नाही.

संध्याकाळी
कुत्रा जूनमध्येच मेला, असं गुन्नेलबाईंनी जिन्यात सांगितलं. खूण मात्र खोडत नाही. दहा काही भरत नाहीत. उद्यापासून पाच.

९ ऑक्टोबर, बुधवार
स्वच्छ मोजे संपले. एकाच वेळी सगळे! इमारतीची सामाईक धुलाईखोली तळघरात आहे असं ऐकून होतो, ती शोधून काढली. मशीन रिकामं, म्हणजे प्रभूने वाट मोकळी केलेली. दारापाशी तारखांचा फळा आहे, त्यावर फ्लॅटच्या नंबरांची छोटी छोटी कुलुपं अडकवली आहेत. सजावट असावी. कपडे टाकले आणि वर येऊन झोपलो.

१० ऑक्टोबर, गुरुवार
कपडे आठवले ते दुपारी. धावत खाली गेलो. काय सांगू! सगळे वाळलेले, शर्टांच्या घड्या, मोज्यांच्या जोड्या, इस्त्री केल्यासारख्या कॉलरी. अंगावर सर्रकन काटा आला. मनुष्य असं करत नाही. निदान आमच्या इमारतीतला तरी नाही. पाच खुणांच्या जागी ही एकच धरली.

दारावर कुणी चिठ्ठी डकवली होती : कालची संध्याकाळची वेळ माझी होती, चौदा नंबरवाल्यांनी जरा जनाची नाही तर मनाची बाळगावी. सही नाही. जिथे देव काम करतो तिथे सैतानही पेन घेऊन हजर. खाली लिहून आलो, तुम्हांला शांती असो.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
काल मुद्दाम कपडे टाकून आलो. आज दुपारी पुन्हा घड्या! शिवाय निळ्या शर्टाला बटण लावलेलं. देवदूताकडे सुई आहे!! शास्त्रात सुईच्या नाकाचा उल्लेख आहेच, जरी त्यातून जाणाऱ्या उंटासंदर्भात असला तरी.

खाली एक बाई ड्रायरमध्ये खांद्यापर्यंत डोकं घालून आतला कचरा काढत होती. मायवोरसारखाच हिरवा कोट. हल्ली ऊठसूट सगळ्या तोच घेतात. तिला वीस मिनिटं देवाच्या कृपेची साक्ष दिली. बायकोबद्दलही मन मोकळं केलं : बिचारीला वाटतं मला काही दिसत नाही, आणि इथे बघा, देवदूत मला बटणं लावतोय. बाईचे खांदे गदगदा हलत होते. एक आत्मा जिंकला.

२० ऑक्टोबर, रविवार
उपासनेनंतर पाळकबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, घड्या कोण घालतं ते पाहिलंत का? मी म्हटलं, पाहणं हा अविश्वास. पुढच्या रविवारी कॉफीच्या वेळी सर्वांसमोर साक्ष देतो, असंही सुचवलं. त्या नको म्हणाल्या नाहीत, नुसत्या खोकल्या. नाव लिहून घेतलं असेल.

२३ ऑक्टोबर, बुधवार
आज कपड्यांसोबत खोलीतला फाटका पडदा आणि चेन गेलेलं जॅकेट ठेवलं. देवाची परीक्षा पाहू नये हे मला ठाऊक आहे. ही परीक्षा नव्हे, यादी आहे. वर चिठ्ठी ठेवली : मागच्या खेपेला बाह्यांच्या घड्या जरा वाकड्या होत्या, लक्ष असावं. गैरसमज नको. रूने, फ्लॅट १४.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
कपडे ओले. मशीनवर गोळा करून टाकलेले. चिठ्ठी नाही. ही विश्वासाची कसोटी. मोजे ओव्हनमध्ये वाळवले. एक जोड गेला.

२७ ऑक्टोबर, रविवार
साक्ष दिली. उत्तम चालली होती. निळा शर्ट उंच धरून सर्वांना बटण दाखवलं. तेवढ्यात गुन्नेलबाई कप खाली ठेवून उठल्या. म्हणाल्या, तुमचा देवदूत दर गुरुवारी सकाळी आर्बोगाच्या बसने येतो, दुपारी परत जातो, आणि त्याचं नाव मायवोर आहे. दुसऱ्याची वेळ चोरून धुणं म्हणजे आपल्याकडे केवढा गुन्हा! म्हणून पहिल्याच बुधवारी रात्री गुन्नेलबाईंनीच तिला फोन केला होता. एकतीस वर्षं ज्या घराचं नाव राखलं त्याची फळ्यासमोर छी:थू नको, म्हणून तिने दर गुरुवारी फळ्यावर चौदा नंबरचं कुलूप अडकवून आमची वेळ राखली आणि घड्या घातल्या. तुम्ही तिला वीस मिनिटं उपदेश केलात, हेही सांगितलं. माझी चिठ्ठी तिच्या पर्समध्ये आहे म्हणे.

हॉलमध्ये कुणी बिस्किटसुद्धा चावेना. पाळकबाई खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, म्हणजे खूण खरीच होती की, रूने. शर्ट तसाच हातात घेऊन चालत घरी आलो.

२९ ऑक्टोबर
खुणा : नाहीत. तळघरात जाऊन फळ्यासमोर उभा राहिलो. आमचं कुलूप कसं उघडतात तेही मला माहीत नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार. शेवटचा दिवस
आज ती आली नाही. फोन केला. वही वाचून दाखवायची ठरवली होती, नाही वाचली. माफी मागितली. म्हटलं, घर खायला उठतं, तुझी फार आठवण येते, आणि आता मला सगळं दिसतं. खरंच सगळं. मग ती पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाली की त्या दिवशी ड्रायरपाशी भेटली तेव्हा तिचे केस एकदम आखूड कापलेले होते, ते तरी दिसले असतील.

मी ताबडतोब म्हणालो, दिसले तर! फार शोभतात तुला.

ती म्हणाली, कापलेच नाहीयेत. आर्बोगातल्या फ्लॅटची किल्ली तिला उद्या सकाळी मिळते आहे.