ती पाठ माझी नव्हे

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा नट, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि चक्क चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. पडद्यावर मी एकेचाळीस वेळा मेलो. त्यात एकदाही मृत्युपत्र केले नाही, आणि दर वेळी मध्यंतरानंतर वारसांची मारामारी झाली. म्हणून ही खबरदारी.

कलम १. तळमजला आणि बँकेतली शिल्लक माझ्या लेकीला. ती दातांची डॉक्टर आहे. माझ्या गाजलेल्या संवादांना सारे चित्रपटगृह रडत असे आणि ही आठ वर्षांची पोर आईच्या कानात सांगत असे की बाबांची वरची दाढ किडली आहे. ती खरेच किडली होती. माझ्या तोंडाकडे तिच्याइतके लक्ष देऊन कोणी पाहिले नाही, म्हणून घर तिचे.

कलम २. सातही टोप माझ्या रंगभूषाकाराला. तीस वर्षे त्याने रोज सकाळी माझ्या डोक्यावर तारुण्य चिकटवले आणि बाहेर अवाक्षर काढले नाही. सगळ्या जगाला ठाऊक होते, ते सोडा. मी गेल्यावर मात्र त्यातला एकही मला घालू नये. शेवटी तरी डोक्याला वारा लागू दे.

कलम ३. शोकसभेत जो कोणी ‘न भरून येणारी पोकळी’ म्हणेल त्याला चहा देऊ नये. ज्या खलनायकाने एका मारामारीत माझ्या नाकावर खराखुरा ठोसा मारला आणि वर ‘अंदाज चुकला’ म्हणाला, त्याला पहिल्या रांगेत बसवावे, पण बोलू देऊ नये. त्याला भाषणाची हौस दांडगी आहे. तेवढी शिक्षा पुरे.

कलम ४. हे लिहायला मी टाळाटाळ करतो आहे, हे वकीलबाईंनी ओळखले आहे. माझा धाकटा भाऊ बांध्याने थेट माझ्यासारखा. जिथे तोंड दिसत नाही अशा पाठमोऱ्या दृश्यांत त्याला माझे कपडे घालून उभे करायची आमच्या धंद्यातली रीत. त्यामुळे नायकाच्या चित्रीकरणाच्या तारखा वाचतात. श्रेयनामावलीत त्याचे नाव कधीच आले नाही. ज्या दृश्याने मला मोठे केले, ज्याचे चित्र न्हाव्यांच्या दुकानांतसुद्धा लागले, त्यात नायक सगळे गमावून, कोट खांद्यावर टाकून, ओल्या रस्त्याने निघून जातो. तो माझा भाऊ आहे. मी त्या वेळी गाडीत काचा वर करून उकडलेली अंडी खात होतो.

पुढे माझ्या सन्मान समारंभात मला विचारले गेले की पाठीतून एवढे दुःख कसे दाखवलेत. हसून विषय बदलायचा, तर मी पाऊण तास पाठीच्या अभिनयावर बोललो. भाऊ तिसऱ्या रांगेत होता. तो उठून गेला, तो एकोणीस वर्षे माझ्या दारात आला नाही. चूक माझी. मला तिची लाज वाटते, आणि तो नाही म्हणून घर खायला उठते. सबब वरचा मजला, तो कोट आणि ते सन्मानचिन्ह त्याला द्यावे, आणि हे कलम शोकसभेत मोठ्याने वाचावे.

कलम ५, जे लिहायचे ठरले नव्हते. वरील मसुदा वकीलबाईंनी भावाला दाखवायला नेला. आज सकाळी तो तोच कागद घेऊन आला आणि उभ्यानेच पुन्हा वाचू लागला. आता हा रडणार, असे वाटून मी रुमाल काढून ठेवला. तर त्याने वकीलबाईंना विचारले, साक्षीदाराला यातले काय मिळते. त्या म्हणाल्या, काहीच नाही. तुम्ही साक्षीदार झालात तर तुम्हाला दिलेलेही रद्द होईल.

“मग पेन द्या,” तो म्हणाला.

मी म्हटले, “अरे, वरच्या मजल्यावर वारा छान येतो.”

“मजला ठेव तुझ्याकडे, दादा. आयुष्यभर तुझे कपडे घातले मी. एकदा तुझ्या सहीखाली माझी सही येऊ दे.”

रुमाल मलाच लागला. सबब कलम ४ मधील देणगी रद्द, कबुली कायम. वरचा मजलाही लेकीला. मात्र तिथल्या खोलीला कुलूप लावू नये आणि गादीवर धुतलेली चादर असावी. ही देणगी नव्हे, निव्वळ घरची सवय आहे, असे वकीलबाईंच्या सल्ल्याने नमूद करतो.

ठिकाण: जेवणाचे टेबल. लिहायच्या टेबलावर सन्मानचिन्हांनी जागा ठेवलेली नाही.
दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा.

(सही)
लिहून देणार

साक्षीदार १: शेजारचे डॉक्टर. लिहून देणाराने आमच्यादेखत सही केली. तो शुद्धीत आहे. रक्तदाब जरा जास्त आहे. (सही)

साक्षीदार २: धाकटा भाऊ. कलम ४ खरे आहे, पण अपुरे आहे. त्या चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी दादाने स्वयंपाकघरात मला ते चालणे अकरा वेळा चालून दाखवले होते. मी फक्त तसा चाललो. (सही)