यांच्या गादीचं माप

रविवार, दिवेलागण

चूक माझीच, पण हसू आवरत नाही. मक्यात रानडुकरं शिरतात म्हणून हे रोज रात्री शेतातल्या मचाणावर राखणीला जातात. बांबूंवर पडून कंबर धरते. म्हणून शनवाऱ्याच्या बाजारातून गुंडाळता येणारी फोमची गादी आणली, यांना न सांगता. माप काल दुपारीच घेतलं होतं. हे चादर पांघरून खाटेवर झोपले होते, तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. दुकानदार म्हणत होता, "भाभी, लांबवाली घ्या." मी त्याला गाठ दाखवली!

आज अंगणात पसरली तर यांचे पाय हातभर बाहेर. सुतळी आटली की काय?

हे म्हणाले, "अगं, दुपारी मी पाय दुमडून झोपतो. पायथ्याशी तू गहू निवडत बसतेस ना, तुला जागा नको?"

इतकी वर्षं वाटायचं, खाटच लांब आहे.

"राहू दे, पायाखाली पोतं घेईन," म्हणत तीच आखूड गादी खांद्यावर टाकून गेले. उद्या बदलून आणते. गहू निवडून झालेत. पण दुपारी तांदूळ घेऊन तिथेच बसणार आहे.